रस्त्याचा आवाज, घराचा पत्ता : प्रस्तावना

भाड्याचे घर शोधणारी कुटुंबे बहुधा रविवारी बाहेर पडतात. सकाळचे अकरा वाजलेले असतात, शाळा-कचेऱ्या बंद असतात, रस्ता निम्मा रिकामा असतो. एजंट आधी मागची बेडरूम दाखवतो, मग स्वयंपाकघर, मग पाणी किती वाजता येते ते सांगतो. रस्त्याकडचा हॉल शेवटी. तिथली सरकती खिडकी लावलेली असते आणि पंखा पाचावर फिरत असतो. कोणी ओट्याची उंची पाहते, कोणी पार्किंगचे विचारते, आजोबा लिफ्ट किती वेळा बंद पडते याची चौकशी करतात. डिपॉझिटवर घासाघीस होते, अकरा महिन्यांचा करार होतो, सामानाचा टेम्पो येतो. पहिल्याच आठवड्यात रात्री दोन वाजता खालच्या स्पीडब्रेकरवर रिकामा डंपर आदळतो, मांडणीतली भांडी थरथरतात, झोपलेले मूल दचकून उठते. घर पाहताना जे कोणी विचारले नव्हते, ते तेव्हा कळते.

पण आवाजाचा विचार कोणीच करत नाही असे म्हणावे, तर त्याच इमारतीतला मागच्या बाजूचा फ्लॅट आधी का जातो, वरच्या मजल्यांना बिल्डर ‘फ्लोअर राइज’, म्हणजे मजल्यागणिक चढा दर, का लावतो आणि ज्याला परवडते तो गल्लीच्या आतच घर का शोधतो, याचा उलगडा होत नाही. उलट सगळेच आवाज टाळतात म्हणावे, तर शहरातल्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यांवरची घरे कधी रिकामी का दिसत नाहीत? रस्त्याचा आवाज आणि घराची निवड यांचे नाते काय, ते आकड्यांत कसे मांडतात आणि त्या आकड्यांवर किती विसंबावे, हा या पुस्तकाचा विषय आहे. गेली पन्नासएक वर्षे ध्वनिशास्त्र, अर्थशास्त्र आणि वाहतूक नियोजन या तीन शाखांतली माणसे या प्रश्नाशी झटत आहेत. त्यांनी जी साधने घडवली त्यांना मॉडेल किंवा प्रारूप म्हणतात. मॉडेल म्हणजे शहराचा असा हिशेब, की त्यात एक गोष्ट बदलली तर बाकीच्या गोष्टी कशा हलतील ते पाहता यावे. रस्ता रुंद केला तर तिथले कोण जाईल, कोण येईल, भाडे किती उतरेल, आणि पाच वर्षांनी त्या रस्त्यावर कोण राहत असेल?

मला या साधनांबद्दल आदर आहे. तरीही हे पुस्तक हाती घेणाऱ्याने एक गोष्ट पहिल्या पानापासून मनात धरावी असा माझा आग्रह आहे. घरांच्या किमतींवरून काढलेला शांततेचा भाव हा माणसांना शांतता किती हवी आहे याचा आकडा नसतो. ती विकत घेण्याची ऐपत किती आहे, हेही त्या आकड्यात मिसळलेले असते. ही मिसळ वेगळी न करता तो आकडा नियोजनाच्या टेबलावर ठेवला, तर अन्याय हिशेबाच्या रूपाने पुन्हा लादला जातो.

आधी आवाजाकडे पाहू, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेने चालत नाही. रस्त्यावरची वाहने दुप्पट झाली तर आवाज दुप्पट न होता साधारण ३ डेसिबलने वाढतो. तसेच उलट: वाहतूक निम्मी केली तरी ३ डेसिबलच उतरतात, आणि एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे बाकी सगळे तसेच ठेवले तर दहातली नऊ वाहने रस्त्यावरून काढावी लागतील. बायपास झाला, अर्धी वाहतूक वळली, तरी जुन्या रस्त्यावरच्या रहिवाशांना फारसा फरक का जाणवत नाही, याचे उत्तर या गणितात आहे. रस्त्यापासूनचे अंतर दुप्पट केले तरी सलग वाहणाऱ्या वाहतुकीचा आवाज तेवढाच, ३ डेसिबलच्या आसपास, कमी होतो. मात्र मध्ये इमारतींची सलग रांग आली तर तिच्या मागे १० ते २० डेसिबलची घट सहज मिळते. शांतता अंतराने फारशी मिळत नाही, आडोशाने मिळते. पुण्यातल्या जुन्या वाड्यांची बांधणी आठवा. रस्त्याकडे जाड भिंत आणि दिंडी-दरवाजा, राहण्याच्या खोल्या आतल्या चौकाभोवती. त्या बांधणीने पेठेच्या मध्यातही एक शांत बाजू राखली होती. आजच्या इमारतीला चारही बाजूंनी खिडक्या असतात, आणि कित्येकदा चारही बाजूंना रस्ते.

रात्रीचा आवाज वेगळा मोजावा लागतो. युरोपात दिवस, संध्याकाळ आणि रात्र मिळून एक सरासरी काढतात. तीत संध्याकाळच्या आवाजात ५ आणि रात्रीच्या आवाजात १० डेसिबल वाढवून धरतात. या दहा डेसिबलचा अर्थ असा, की रात्री जाणारे एक वाहन दिवसाच्या दहा वाहनांइतके मोजले जाते. आपल्या मोठ्या शहरांत दिवसा गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. त्यामुळे रेती-खडीचे डंपर, सिमेंटचे मिक्सर, भाजीपाल्याचे ट्रक रात्री धावतात. दिवसाची कोंडी सोडवण्यासाठी केलेला हा उपाय झोपेच्या खात्यातून वसूल होतो, आणि दिवसाच्या मोजणीत तो दिसतच नाही. ‘सवय होते’ असे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. जाग येण्याचे प्रमाण काही दिवसांनी खरोखर कमी होते. पण झोपेतल्या माणसाच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब त्या आवाजाला प्रतिसाद देतच राहतात. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पश्चिम युरोपापुरता हिशेब मांडला, तेव्हा वाहतुकीच्या आवाजामुळे दर वर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे गमावली जातात असा निष्कर्ष निघाला. त्याच संघटनेने २०१८ मध्ये रस्त्याच्या आवाजासाठी पूर्ण दिवसाला ५३ आणि रात्रीला ४५ डेसिबलची मर्यादा सुचवली. मोठ्या रस्त्याकाठचे घर ही मर्यादा पाळू शकत नाही.

शहरातल्या प्रत्येक खिडकीत मोजणी-यंत्र लावणे शक्य नसल्याने आवाज मोजण्यापेक्षा तो गणिताने काढला जातो. रस्त्यावरून तासाला किती वाहने जातात, त्यांत अवजड किती, वेग काय, डांबर की काँक्रीट, चढ किती, इमारती किती उंच आणि कुठे, हे सगळे घालून प्रत्येक दर्शनी भिंतीवर किती आवाज आदळतो ते काढतात. ब्रिटनची, जर्मनीची अशा हिशेबाची स्वतःची पद्धत आहे. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशाने एक लाखाहून अधिक वस्तीच्या नगरक्षेत्रांना दर पाच वर्षांनी आवाजाचा नकाशा करणे बंधनकारक केले. त्या नकाशांमुळे पुढचे बरेच काम सोपे झाले. रस्त्याचा आवाज घरोघर ठाऊक झाला, मग त्याच्याशेजारी भाडे मांडून पाहणे आलेच.

भाड्याचे गणित त्या आधीच तयार होते. १९७४ मध्ये शेरविन रोझेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने दाखवले, की घरासारखी वस्तू एकसंध विकली जात नाही. क्षेत्रफळ, वय, मजला, शाळेपासूनचे अंतर अशा गुणांची ती मोट असते आणि हजारो व्यवहार एकत्र पाहिले तर एकेका गुणाचा भाव वेगळा काढता येतो. या पद्धतीने रस्त्याच्या आवाजाचाही भाव निघाला. १९८२ मध्ये जॉन नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा दर डेसिबलमागे घराची किंमत सरासरी ०.४ टक्क्याने उतरते असे दिसले. नंतरच्या अभ्यासांत आकडा शहरागणिक बराच बदलतो, पण अर्ध्या टक्क्याच्या आसपास तो पुन्हा पुन्हा येतो. एक कल्पित उदाहरण घ्या. एकाच इमारतीत दोन सारखे फ्लॅट, पुढचा ७० डेसिबलचा, मागचा ५५ चा. पंधरा डेसिबलचा फरक, अर्धा टक्का दर, म्हणजे भाड्यात साडेसात टक्के. मागच्याला २०,००० रुपये भाडे असेल, तर पुढच्याला १५०० रुपये कमी. महिन्याला १५०० रुपये घेऊन पंधरा डेसिबल सोसायला कोण तयार होते?

या ‘कोण’चे उत्तर रोझेनच्या पद्धतीत मिळत नाही. तिला भाव कळतो, माणूस कळत नाही. त्यासाठी डॅनिअल मॅकफॅडन या अर्थशास्त्रज्ञाकडे यावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती ‘बार्ट’ ही नवी रेल्वे होऊ घातली होती. ती किती लोक वापरतील याचा सरकारी अंदाज १५ टक्के होता. मॅकफॅडन आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या निवडीचे मॉडेल मांडून ६.३ टक्के सांगितले, आणि प्रत्यक्षात ६.२ टक्के निघाले. २००० साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते निवडीच्या याच सिद्धांतासाठी. १९७८ मध्ये त्यांनी ही पद्धत घराच्या निवडीला लावली. तिची कल्पना साधी आहे. प्रत्येक घराला त्या कुटुंबाच्या दृष्टीने एक गुण असतो: भाडे जास्त तर गुण कमी, कामाचे ठिकाण जवळ तर जास्त, आवाज मोठा तर कमी. माणूस नेहमीच सर्वाधिक गुणांचे घर घेतो असे मात्र मॉडेल धरत नाही, कारण त्याच्या मनातले सगळे आपल्याला दिसत नाही. दोन घरांत अर्ध्या गुणाचा फरक असेल तर वरचे घर शंभरातली साधारण ६२ कुटुंबे घेतील, एका गुणाचा असेल तर ७३. उरलेली ३८ किंवा २७ कुटुंबे दुसरे घर का घेतात, हे त्यांची त्यांना ठाऊक असते. शहरात घरे लाखो. कुटुंब त्यातली सगळी पाहत नाही आणि संगणकालाही ते जड जाते. मॅकफॅडनने दाखवले की योग्य अटींवर काही घरांचा नमुना काढूनही हिशेब नीट लागतो. इथून पुढे प्रत्येक कुटुंबाचे उत्पन्न, मुलांची संख्या, म्हातारी माणसे यांप्रमाणे आवाजाचे वजन वेगळे धरता येऊ लागले.

या कामातली सर्वांत मोठी खाच मात्र गणिताबाहेरची आहे. जिथे आवाज, तिथे सोय. मोठ्या रस्त्यावर बस असते, रिक्षा असते, दवाखाना, औषधाचे दुकान, क्लास, बँक असते. जाहिरातीत ‘रोड टच’ ही घराची लायकी म्हणून छापतात, तळमजल्यावर गाळे असतील तर ती खरीच लायकी ठरते. आता एखाद्याने सोयीची नोंद न घेता नुसता आवाज आणि भाडे शेजारी मांडले, तर उत्तर येईल की लोकांना आवाज आवडतो: जितका जास्त, तितके भाडे चढे! असे निष्कर्ष निघाले आहेत आणि छापलेही गेले आहेत. कामाच्या ठिकाणापर्यंतचा वेळ, स्टेशनचे अंतर, शाळा हे सगळे वेगळे मोजून बाजूला काढले, की मगच आवाजाचा खरा, उणे आकडा दिसू लागतो. या विषयात नवखा कोण आणि मुरलेला कोण, हे इथे कळते.

पुस्तकाचा बराच भाग मी म्युनिक शहरावर खर्च केला आहे. त्याचे कारण, तिथे हे सगळे धागे एकत्र विणले गेले. म्युनिकच्या मध्यभागाला वेढणारा ‘मिटलरर रिंग’ हा रस्ता जर्मनीतल्या सर्वांत गर्दीच्या रस्त्यांपैकी एक. त्याच्या वर्दळीच्या भागांवरून दिवसाला लाखाहून अधिक वाहने जातात आणि त्याच्या दोन्ही काठांना लोक राहतात. १९९६ मध्ये तिथल्या नागरिकांनी जनमत घेऊन, अगदी थोड्या मतांच्या फरकाने, या रस्त्याचे तीन भाग बोगद्यांत घालायचा निर्णय केला. पहिला, पेटुएल बोगदा, सुमारे दीड किलोमीटर लांब, २००२ मध्ये खुला झाला. त्याच्या माथ्यावर बाग झाली, आणि रस्त्याने तोडलेले श्वाबिंग आणि मिल्बर्ट्सहोफेन हे दोन भाग पुन्हा जोडले गेले. दुसरा २००९ मध्ये, तिसरा २०१५ मध्ये. मी आधी म्हटले की वाहतूक निम्मी करून फारसे साधत नाही. बोगद्याने मात्र आवाज जवळजवळ पुसला जातो. मग त्या काठावरच्या घरांचे काय होते? तिथे राहणाऱ्यांत भाडेकरू पुष्कळ. खिडकी उघडता येऊ लागली, समोर झाडे आली, आणि घराची किंमत वाढली. वाढलेली किंमत मालकाची. इतकी वर्षे आवाज ज्याने सोसला, त्याच भाडेकरूला पुढच्या करारात शांततेची किंमत मोजावी लागणार की नाही, हा प्रश्न नकाशा पाहून सुटत नाही. त्याला काळाबरोबर चालणारे मॉडेल लागते.

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात रोल्फ म्योकेल यांच्या गटाने म्युनिकसाठी असे मॉडेल उभारले. त्याचे नाव ‘सिलो’. म्युनिक आणि आसपासच्या शहरांतली सुमारे ४५ लाख माणसे त्यात एकेक करून उभी केली आहेत. खरी माणसे नव्हेत. जनगणना आणि पाहण्यांशी जुळतील अशी कृत्रिम कुटुंबे. ती वर्षागणिक मोठी होतात, लग्ने करतात, नोकरी बदलतात आणि घरही बदलतात. त्याला ‘मॅटसिम’ हे वाहतुकीचे मॉडेल जोडले आहे. बर्लिनचे काई नागेल आणि झुरिकचे काय आक्सहाउझेन यांच्या गटांनी वाढवलेल्या या मॉडेलमध्ये प्रत्येक माणूस सकाळी घराबाहेर पडून आपापल्या रस्त्याने जातो. त्या वाहनांपासून रस्तोरस्ती आवाज निघतो, आवाज घरांच्या भिंतींवर पोचतो, भाडे आणि निवड बदलते, काही कुटुंबे उठून दुसरीकडे जातात, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या गाड्या दुसऱ्या रस्त्याने धावतात.

हे चक्र मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो. जो आवाजाला कंटाळून शहराबाहेर शांत जागी घर घेतो, तो रोज गाडीने शहरात येतो. त्याची गाडी वाटेतल्या प्रत्येक खिडकीखालून जाते. त्याने सोडलेल्या रस्त्यावर तोच आवाज वाढतो, आणि तिथे आता त्याच्याहून कमी ऐपतीचे कुटुंब राहत असते. दुसऱ्याची शांतता मोडून आपली मिळवावी असा त्याचा हेतू नसतो. पण एकेकट्या शहाण्या निर्णयांची बेरज अशी होते, आणि ही बेरज दाखवणे हेच अशा मॉडेलचे खरे काम. किमतींचा नुसता तक्ता हे कधीच दाखवू शकत नाही.

आता आपल्या शहरांकडे. पहिली अडचण आवाजाच्याच हिशेबाची आहे. युरोपातल्या पद्धती टायर आणि इंजिन यांच्या आवाजावर उभ्या आहेत. साधारण ताशी ३०-४० किलोमीटरच्या पुढे कारच्या टायरचाच आवाज वरचढ होतो. आपल्या रस्त्यावर वेग त्याहून कमी असतो आणि वरचढ असतो तो हॉर्न. नागपूरच्या वाहतुकीवर ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात हॉर्नमुळे आवाजाची पातळी २ ते ५ डेसिबलने वाढते असे आढळले. वर सांगितलेल्या गणितात बसवून पाहा: ३ डेसिबल म्हणजे वाहने दुप्पट होणे. केवळ हॉर्न थांबला तर निम्मी वाहतूक कमी केल्याइतका परिणाम मिळेल, एक रुपयाही खर्च न करता. शिवाय हॉर्न सरासरीत नीट मावत नाही. माणसाला झोपेतून उठवतो तो एकच कर्कश क्षण, आणि तो आठ तासांच्या सरासरीत विरून जातो. दुसरी गोष्ट खिडकीची. थंड देशात घट्ट बसणारी दुहेरी काच बंद असते, तेव्हा बाहेरचा आवाज ३० डेसिबलहून अधिक उतरून आत येतो. आपल्याकडे वाऱ्यासाठी खिडकी उघडी, आणि उघड्या खिडकीतून तो जेमतेम १० ते १५ डेसिबल उतरतो. त्यामुळे तिथला दर डेसिबलचा भाव उचलून इथे लावणे हे शास्त्र नव्हे. एसी घेणारे कुटुंब थंडाव्याबरोबर शांतताही विकत घेते. ज्याच्याकडे एसी नाही त्याला उकाडा किंवा आवाज यांतले एक घ्यावेच लागते, आणि मे महिन्यात तो कोणते घेतो हे सांगायला नको.

कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल, रात्री ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून मुंबईसह सात शहरांत कायमची मोजणी-केंद्रे बसवली. मुंबईत ध्वनिप्रदूषणाविरुद्ध लढणाऱ्या सुमेरा अब्दुलाली यांच्यासारख्यांनी स्वतः मीटर घेऊन रस्तोरस्ती मोजण्या केल्या आणि न्यायालयापर्यंत नेल्या. पण एवढ्या मोठ्या मुंबईला मोजणीची मूठभर केंद्रे पुरत नाहीत, आणि निवडीच्या मॉडेलला लागतो तो घरोघरचा आकडा.

किमतीचा विदा तर त्याहून कठीण. व्यवहार नोंदला की ‘इंडेक्स टू’ हा नोंदणीचा उतारा मिळतो. त्यात क्षेत्रफळ, मजला, मोबदला असतो. फ्लॅट रस्त्याकडे तोंड करून आहे की मागे, हे नसते. नोंदलेला मोबदला बऱ्याचदा सरकारी रेडी रेकनरच्या आकड्याला टेकून थांबलेला असतो, उरलेला व्यवहार कागदावर येत नाही. भाड्याचे करार नोंदले जातात, तरी लाखो भाडेकरू तोंडी बोलीवर राहतात. कृत्रिम लोकसंख्या उभी करायला जनगणना लागते, तर २०११ नंतर दशकाहून अधिक काळ नवी जनगणना झाली नाही. त्या वर्षानंतर पुणे, ठाणे, नवी मुंबई केवढी वाढली हे वाचकाला सांगायला हवे असे नाही.

तरी या अडचणी कष्टाने सुटण्यासारख्या आहेत. खरा प्रश्न ‘निवड’ म्हणजे काय, हा आहे. मॉडेल असे धरून चालते की कुटुंबापुढे पर्याय आहेत, त्याला ते ठाऊक आहेत आणि त्याला हलता येते. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने आणि त्याच्याबरोबर रुजलेल्या पागडीने हजारो कुटुंबे जुन्या इमारतींत स्थिर झाली. मोहम्मद अली रोडवरचे कुटुंब नाममात्र भाड्याच्या दोन खोल्या सोडून कुठे जाणार? २००२ मध्ये त्याच रस्त्यावरून सुमारे अडीच किलोमीटरचा जे. जे. उड्डाणपूल सुरू झाला. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या पुलाच्या कठड्याच्या रेषेत आल्या आणि गाड्या घरातल्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवरून जाऊ लागल्या. ते कुटुंब तिथेच राहिले, म्हणून त्याला आवाज चालतो असा निष्कर्ष मॉडेल काढेल. तो खोटा आहे. प्रकल्पबाधितांना वसाहतीत घर मिळते तेही चिठ्ठी काढून, निवडून नव्हे. झोपडपट्टी पुनर्वसनात कित्येकदा विक्रीच्या इमारती आतल्या बाजूला आणि पुनर्वसनाच्या इमारती रस्त्याकडे उभ्या राहतात. आडोसा काय करतो ते आपण पाहिले. पुनर्वसनाची इमारत इथे विक्रीच्या इमारतीची आवाजरोधक भिंत होते, आणि त्या भिंतीत माणसे राहतात.

याच शहरात दुसरे उदाहरणही घडले. पेडर रोडवर उड्डाणपूल व्हायचा होता. रहिवाशांनी विरोध केला, त्यांत त्याच रस्त्यावर राहणाऱ्या लता मंगेशकरही होत्या, आणि तो पूल वर्षानुवर्षे अडला. त्या रहिवाशांची तक्रार रास्त होती. खिडकीसमोर पूल कोणाच्याच नशिबी येऊ नये. पण दोन रस्त्यांतला फरक आवाज किती नकोसा वाटतो यातला नव्हता. ज्यांचे म्हणणे ऐकले गेले आणि ज्यांचे गेले नाही, त्यांच्यातला होता.

आता किमतीच्या आकड्याचा धोका नीट दिसेल. १९६८ मध्ये ब्रिटनने लंडनच्या तिसऱ्या विमानतळाची जागा ठरवायला रॉस्किल आयोग नेमला. आयोगाने आवाजाचे नुकसान मुख्यतः घरांच्या उतरणाऱ्या किमतींवरून मोजले. तेव्हाच टीका झाली की या रीतीने स्वस्त घरांत राहणाऱ्यांच्या कानांची किंमतही स्वस्त ठरते. टीका आजही लागू आहे. जिथे गरीब राहतात तिथे दर डेसिबलमागे रुपयांतले नुकसान कमी दिसते. म्हणून नवा मार्ग तिथून नेणे ‘किफायतशीर’ ठरते. मार्ग झाला की भाडे आणखी उतरते आणि आणखी गरीब कुटुंबे येतात. पुढच्या हिशेबात नुकसान आणखी कमी दिसते. हिशेबात चूक एकही नाही आणि प्रत्येक फेरीत अन्याय वाढत जातो. माझ्या मते यावर उपाय दोन. आवाजाचे नुकसान रुपयांत मोजायचेच असेल तर झोप आणि आरोग्य यांवरून मोजावे, कारण रक्तदाब उत्पन्न पाहून वाढत नाही. आणि निवडीच्या मॉडेलमध्ये प्रत्येक कुटुंबापुढे खरोखर किती घरे होती हे आधी मांडावे. ज्याच्यापुढे एकच घर होते त्याच्या ‘निवडी’वरून आवडीनिवडीचा अंदाज बांधू नये.

पुस्तकाची रचना या क्रमानेच आहे. पहिल्या भागात आवाजाचे गणित, दुसऱ्यात किमतीचे आणि निवडीचे, तिसऱ्यात म्युनिकचे मॉडेल सविस्तर, चौथ्यात आपल्या शहरांसाठी काय बदलावे लागेल. गणिताची धास्ती असलेल्या वाचकाने दुसऱ्या भागातली सूत्रे सोडून उदाहरणे वाचली तरी धागा तुटणार नाही. नगरसेवक, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि पत्रकार यांनी चौथा भाग आधी वाचला तरी चालेल.

शेवटी मागणी दोनच. महापालिकांनी आवाजाचे नकाशे इमारतवार आणि मजलावार, दिवसाचे आणि रात्रीचे वेगळे, लोकांना खुले करावेत, आणि नव्या पुलाच्या किंवा रुंदीकरणाच्या प्रस्तावाला आधीचा आणि नंतरचा असे दोन नकाशे जोडणे सक्तीचे करावे. आणि आपल्या अभियांत्रिकी व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एखादे मध्यम शहर घ्यावे: नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, कोणतेही. एक प्रभाग, एक मोठा रस्ता, त्याच्या पुढच्या आणि मागच्या रांगेतली घरे. तिथे आज कोण राहते, दहा वर्षांपूर्वी कोण राहत होते आणि जे गेले ते कुठे गेले, एवढे दारोदार जाऊन विचारावे. आपल्या शहरांचे मॉडेल या उत्तरांवाचून होणार नाही.